दारूगोळ्यातली ‘दारू’ मुळात औषध

एकानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या जुन्या मोडी कागदांत एका पूर्वजाच्या नावावर काही मण ‘दारू’ पोचल्याची नोंद सापडली. त्याच ओळीत पुढे शिसे आणि तोडे यांचाही उल्लेख आहे. घरातली काही मंडळी त्यामुळे अवघडली: आपले पूर्वज मद्याचा व्यापार करत होते की काय? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: स्फोटकाला आणि मद्याला मराठीत एकच शब्द कसा, मूळ अर्थ कोणता, आणि हिंदीतला ‘बारूद’ हा ‘दारू’चाच भाऊ आहे का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडेल. शिसे आणि तोडे यांच्या शेजारी लिहिलेली दारू ही बंदुकीची दारू. शिसं गोळ्या ओतायला लागतं. तोडा म्हणजे सुताची ती जळती वात, जिच्यावर जुन्या तोड्याच्या बंदुका पेट घ्यायच्या. या तीन वस्तू एकत्र निघाल्या की तो शिबंदीचा किंवा किल्ल्याचा सामान आहे असं समजायचं. सोरा (सुराखार, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट), गंधक, बाण, गोळे यांच्या सोबतीनं आलेली दारूही तीच. पिण्याची दारू कागदांत येते तेव्हा तिच्या आजूबाजूला कलाल, भट्टी, मोहाची फुलं, ताडी-माडी असे शब्द असतात. मी रसायनशास्त्राचा माणूस. नोकरीची बहुतेक वर्षं स्फोटकांच्या कारखान्यात, त्यातही काळ्या दारूच्या, म्हणजे बंदुकीच्या जुन्या दारूच्या, कामात गेली आणि निवृत्तीनंतर मोडी शिकून जुने कागद वाचायला लागलो. अशा नोंदी वाचताना शेजारचा शब्द पाहायची सवय लागली की घोटाळा होत नाही.

आता शब्दाकडे.

‘दारू’ हा शब्द फारसीतून आला आणि फारसीत त्याचा अर्थ आहे औषध. आजही तेहरानच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानावर ‘दारूखाने’ अशी पाटी असते, आणि औषधं बनवणारा तो ‘दारूसाज’. आपल्याकडे किल्ल्यावरचा दारूखाना म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूचं कोठार. दोन्ही शब्दांची घडण एकच, वस्तू मात्र वेगळी. फारसीतही पुढे ‘दारू’ला बंदुकीच्या दारूचा अर्थ चिकटला होता, म्हणजे हा बदल मराठीनं स्वतःच्या मनानं केलेला नाही. औषधाचा मूळ अर्थ आपल्याकडे अगदीच पुसला गेला असंही नाही. ‘पुष्कळ दवादारू केली, गुण आला नाही’ असं आपण सहज म्हणतो. यातली ‘दवा’ अरबी आणि ‘दारू’ फारसी, दोन्हींचा अर्थ एकच. दोन समानार्थी शब्द जोडून जोडशब्द करायचा ही आपली जुनी खोड, ‘कागदपत्र’ आणि ‘बाजारहाट’ याच जातीचे. ‘दवादारू’ म्हणताना कुणाच्याही मनात बाटली येत नाही.

आणखी मागं गेलं तर मध्ययुगीन फारसीतला ‘दारूग’ भेटतो, म्हणजे औषधी वनस्पती, औषध. त्याच्याही मुळाशी प्राचीन इराणी भाषेतला झाड, लाकूड अशा अर्थाचा शब्द आहे, जो संस्कृत ‘दारु’चा सख्खा नातलग. देवदार, दारुहळद यांतला ‘दारु’ तो हाच. दारुहळदीचं नाव पुरेसं बोलकं आहे: लाकूड, आणि तेही औषधी. झाड, झाडापासून औषध, औषधापासून स्फोटक पूड असा हा प्रवास आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ‘विदारण करते ती दारू’ किंवा ‘दारुण’वरून दारू अशा व्युत्पत्त्या मी अनेकदा ऐकल्या आहेत. ऐकायला गोड आहेत, पण टिकत नाहीत. ‘विदारण’ आणि ‘दारुण’ हे संस्कृत शब्द आपल्या जागी ठीक आहेत, पण बंदुकीच्या पुडीला त्यांच्यावरून नाव पडल्याचा काहीही आधार नाही. शब्द ज्या सोबत्यांबरोबर आला ते पाहा: तोफ तुर्की, गोलंदाजमधला ‘अंदाज’ फारसी, बंदूक अरबीतून. (‘बुंदुक’ म्हणजे अरबीत एक कवचाचं गोल फळ, त्यावरून गोळी, गोळीवरून हत्यार.) हा सगळा ताफा दख्खनच्या सुलतानी दरबारांतून आणि फौजांतून मराठीत उतरला. दारूही त्याच ताफ्यात होती.

मग औषधाचं नाव एका स्फोटक पुडीला का पडावं? इथे खरी मौज आहे, आणि ती कळण्यासाठी चीनमध्ये जावं लागतं.

चिनी भाषेत या पुडीला म्हणतात ‘हुओयाओ’. ‘हुओ’ म्हणजे अग्नी, ‘याओ’ म्हणजे औषध. अग्नि-औषध. नववं शतक धरा. अमर होण्याचं रसायन शोधणारे चिनी किमयागार गंधक, मनशीळ (आर्सेनिकचं लाल खनिज), सोरा अशी द्रव्यं एकमेकांत मिसळून तापवत होते. त्या काळच्या एका ताओपंथी ग्रंथात स्पष्ट इशारा आहे की काही जणांनी गंधक, मनशीळ आणि सोरा मधाबरोबर तापवले. धूर आणि ज्वाळा उठल्या, त्यांचे हात-तोंड भाजले आणि अख्खं घर जळून गेलं. ज्यानं हे लिहिलं त्याला शस्त्र बनवायचं नव्हतं, त्याला औषध हवं होतं. पुढे 1044 साली सोंग राजवटीत तयार झालेल्या लष्करी ग्रंथात या मिश्रणाच्या लढाईतल्या कृती नोंदवल्या गेल्या. पण औषधाशी असलेलं नातं त्यानंतरही तुटलं नाही. 1596 मध्ये छापल्या गेलेल्या ली शीझेनच्या प्रसिद्ध औषधी ग्रंथात हुओयाओ हे खरोखरच औषध म्हणून दिलेलं आहे: व्रण आणि नायट्यावर, जंतांवर, दमट हवेच्या विकारांवर.

आपल्याकडचा वैद्य हे वाचून चकित होणार नाही. काळ्या दारूत तीन द्रव्यं असतात: सोरा, गंधक आणि कोळसा. मुरलेलं प्रमाण सांगायचं तर वजनानं पंचाहत्तर, दहा, पंधरा. गंधक रसशास्त्रात पाऱ्याच्या खालोखाल मानाचं, त्वचेच्या विकारांवर आजही गंधक रसायन दिलं जातं. सोरा म्हणजे सुराखार, लघवी साफ होण्यासाठी वैद्य तो वापरत आले आहेत. कोळशाची पूड पोटाच्या तक्रारींवर कित्येक देशांत दिली गेली. म्हणजे तिन्ही द्रव्यं एकाच दुकानात, एकाच फळीवर ठेवलेली. ती कुटायची, खलायची, चाळायची, वजन करून मिसळायची. हे काम करणारा माणूस वैद्य किंवा गांधी (औषधी द्रव्यं विकणारा), त्याची हत्यारं खलबत्ता आणि तागडी. अशा हातातून बाहेर पडलेल्या पुडीला औषधाखेरीज दुसरं काय नाव पडणार!

कारखान्यातली काळी दारू जवळून पाहिली तर हे नातं डोळ्यांनी दिसतं. नुसती तीन द्रव्यं एकत्र ढवळली तर मिळते ती राखाडी, धुळकट, आळशी पूड. पेटते, पण जोर नसतो. खरी दारू होते ती ओलसर अवस्थेत दीर्घकाळ जड चाकांखाली घोटल्यावर. सोरा आणि गंधक कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतात, मग ती दाबून वडी करायची, फोडून दाणे पाडायचे, शेवटी दाण्यांना झिलई. झिलई दिलेला दाणा हातावर घेतला की काळा, गुळगुळीत, शिशाच्या पेन्सिलीसारखा चमकणारा. बोटाला फारसा काळिमा लागत नाही. काळिमा लागला तर दाणे झिजून भुकटी होऊ लागली, हे आम्ही हाताला लागलेल्या रंगावरून ओळखायचो. घोटण्याचं हे महत्त्व रसशाळेतला माणूस लगेच ओळखेल. भावना देणं (रसात किंवा काढ्यात भिजवून घोटणं), मर्दन करणं ही त्याचीही रोजची भाषा. द्रव्यं तीच, पण घोटण्यानं गुण बदलतो, हे दोघांनाही ठाऊक.

आता नावाचा प्रवास पाहा, कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त भुरळ पडली ती इथे. जिथे जिथे ही पूड गेली तिथे तिथे लोकांनी तिला आपापल्या भाषेतलं औषधच म्हटलं. अरबीत इजिप्त-सीरियाच्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या लिखाणात तिच्यासाठी ‘दवा’ हा शब्द येतो, तोच आपल्या ‘दवादारू’तला. व्हिएतनामीत ‘थुओक सुंग’, म्हणजे बंदुकीचं औषध. मलायमध्ये ‘उबात बेदिल’, पुन्हा बंदुकीचं औषध. सिंहलीत ‘वेडि बेहेत’, त्यातलं ‘बेहेत’ म्हणजे औषध. तमिळमध्ये ‘वेडिमरुंदु’, मल्याळममध्ये ‘वेडिमरुन्नु’, दोन्हींत ‘मरुंदु’ किंवा ‘मरुन्नु’ म्हणजे औषध. तंजावरकडच्या मराठी घरांत हा तमिळ शब्द रोज कानावर पडतो.

कन्नडमध्ये औषधाला ‘मद्दु’. दारूगोळ्याला ‘मद्दुगुंडु’, म्हणजे आपल्या ‘दारूगोळा’ची तंतोतंत जोड, एक शब्द औषधाचा, एक गोळ्याचा. दारूखान्याला ‘मद्दिन मने’, औषधाचं घर. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे सांगायची गरजही नाही. आणि तेलुगूनं तर कळस केला आहे. तिथे ‘मंदु’ या एकाच शब्दात औषध, स्फोटक पूड आणि बोलीभाषेत पिण्याची दारू, असे तिन्ही अर्थ नांदतात. मराठीत एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत म्हणून आपण चक्रावतो, शेजारच्या भाषेत तीन आहेत आणि कुणाचंही अडत नाही.

एवढ्या भाषांत एकच कल्पना योगायोगानं येईल का? माझं मत असं की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वस्तूबरोबर नावाचं भाषांतर प्रवास करत गेलं, हे आशियापुरतं नक्की पटतं. मंगोल फौजांनी आणि व्यापाऱ्यांनी चीन ते इराण एक केलं होतं, तेव्हा ‘अग्नि-औषध’ ऐकणाऱ्या इराणी माणसानं त्याला ‘दारू’ म्हणावं हे सरळच आहे. फारसीतून ती कल्पना दख्खनमध्ये आली, आणि इथल्या द्राविडी भाषांनी आपापल्या औषधाचं नाव दिलं. पण नुसत्या भाषांतरानं सगळं उलगडत नाही, कारण युरोपातही असंच घडलं. डच भाषेत बंदुकीच्या दारूला ‘क्रौट’ म्हणतात, डॅनिशमध्ये ‘क्रुट’. मूळ जर्मनिक शब्दाचा अर्थ वनस्पती, औषधी पाला. डच माणसानं चिनी नावाचं भाषांतर केलं असेल असं मला वाटत नाही. त्यानंही ही पूड औषधं-मसाले विकणाऱ्याच्याच दुकानात पाहिली असणार. पूड करणारा हात जगभर एकाच व्यवसायाचा होता, म्हणून नावंही त्याच व्यवसायातून आली. आपले फटाके बनवणारे कारागीर आजही पोटातल्या मिश्रणाला ‘मसाला’ म्हणतात, तेही याच वाटेवरचं.

आता ‘बारूद’. त्याचा ‘दारू’शी उच्चारापलीकडे काही संबंध नाही. तो अरबी शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ पूड नव्हे, सोरा. मलागाचा वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार 1248 मध्ये दमास्कसला वारला. त्याच्या औषधी कोशात ‘बारूद’ येतो, आणि इजिप्तचे जुने वैद्य त्याला ‘चीनचं बर्फ’ म्हणतात, असंही तो सांगतो. पुन्हा औषधाचाच ग्रंथ, पुन्हा चीन. फारसीत सोऱ्याला ‘चिनी मीठ’ असंही म्हणत. त्याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सीरियाच्या हसन अल-रम्माहनं आपल्या युद्धग्रंथात दारूच्या कितीतरी कृती लिहून ठेवल्या. पुढे एका घटकाचं नाव सगळ्या मिश्रणाला मिळालं: तुर्कीत ‘बारुत’, ग्रीकमध्ये ‘बारुती’, उर्दू-हिंदीत ‘बारूद’. हे घडणं स्वाभाविकच, कारण तिन्हींत अवघड द्रव्य सोराच. कोळसा कुठेही पडतो, गंधक विकत मिळतं, पण सोरा मातीतून काढावा लागतो. जुन्या भिंतींना, गोठ्याच्या जमिनीला पांढरा लोणा धरतो ना, त्या मातीत तो असतो. माती भिजवायची, पाणी गाळायचं, आटवायचं, स्फटिक पाडायचे. बिहारमध्ये नोनिया समाजाचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता, आणि पाटण्याच्या सोऱ्यासाठी युरोपातल्या कंपन्यांची चढाओढ चालायची. तेव्हा हिंदीनं सोऱ्याचं नाव घेतलं, मराठीनं औषधाचं. दोन्ही वाटा वैद्याच्याच दुकानातून निघाल्या.

मराठीत आल्यावर या शब्दाला जे घर मिळालं ते मोठं मानाचं. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत तोफखाना वेगळा आणि दारूखाना वेगळा आहे. हे वेगळेपण कामाचं ज्ञान असलेल्या माणसाचं आहे. तोफ आणि दारू एका ठिकाणी ठेवायची नाही, हा पहिला नियम. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूखान्याविषयी जे लिहिलंय ते मी कारखान्यातल्या तरुण मुलांना मुद्दाम वाचून दाखवायचो. दारूखाना राहत्या घरांजवळ नको. सदरेपासून अंतरावर जागा बांधावी, भोवती दाट कुंपणाचा आहाता. आत तळघर, त्याला चुन्याचा गच्च, गच्चावर लाकडी माच आणि त्यावर दारूचे बस्ते आणि मडकी. ओल लागू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण, होके (दारू भरलेले गोळे) बाहेर काढून ऊन द्यायचं आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचं. रात्रंदिवस पहारा, परवानगीवाचून आसपास कुणी फिरकायचं नाही.

यातल्या एकेका वाक्यामागं अनुभव आहे. सह्याद्रीच्या पावसात दारूचा शत्रू आगीइतकाच ओल. शुद्ध सोरा हवेतलं पाणी फारसं ओढत नाही, पण मातीतून काढलेल्या सोऱ्यात साध्या मिठाचा आणि इतर क्षारांचा अंश राहून जातो, ते पाणी ओढतात. कोळसाही ओल धरतो. ओल लागली की सोरा विरघळून दाण्याच्या पृष्ठभागावर सरकतो, आणि वाळल्यावर पांढऱ्या बुरशीसारखा वर दिसतो. कष्टानं घोटून एकजीव केलेली तीन द्रव्यं अशी पुन्हा सुटी होतात. मग बत्ती दिली तर फुसका बार. हा वाक्प्रचार आपण राजकारण्यांच्या घोषणांवर वापरतो, पण किल्ल्याखाली शत्रू उभा असताना त्याचा अर्थ काय होत असेल त्याचा विचार करा. जमिनीपासून उचललेला माच, चुन्याचा गच्च, वस्तीपासूनचं अंतर, ये-जा करणाऱ्यांवर बंदी: आज स्फोटकांच्या कोठारांना जे नियम आहेत, ज्यांचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेली केंद्र सरकारची संस्था पाहते, त्यांचा गाभा हाच.

दारूच्या येण्यानं जुने शब्दही बदलले, त्यातले दोन सांगतो. ‘बाण’ हा धनुष्याचा, तो दारू भरलेल्या नळीचा झाला. मराठी कागदांत लढाईतले बाण येतात ते बहुतेक वेळा अग्निबाण. दुसरा ‘सुरुंग’. संस्कृतात ‘सुरुंगा’ म्हणजे भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो शब्द आहे, आणि ग्रीक ‘सिरिंक्स’, म्हणजे पोकळ नळी, यावरून तो आल्याचं अनेक अभ्यासक मानतात. भुयार खणून तटाखाली जायचं हे तंत्र दारूच्या कितीतरी आधीचं. दारू आली तेव्हा त्याच भुयारात ती ठासू लागले, आणि मराठीत ‘सुरुंग’ म्हटलं की भुयार मागं पडून स्फोट पुढे आला. हिंदीत मात्र सुरंग म्हणजे अजून बोगदाच. 1700 च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या फौजेनं साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याखाली सुरुंग लावले. पहिल्या स्फोटात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळला, आणि हल्ल्यासाठी पायथ्याशी दाटीनं उभ्या असलेल्या मोगल सैनिकांवरच पडला. त्यांची माणसं मोठ्या संख्येनं मेली. दारू किती भरली यापेक्षा ती कुठे आणि कशी दाबून भरली यावर तिचा जोर कोणत्या दिशेनं निघणार हे ठरतं. आजही खाणीत सुरुंग लावणारा माणूस छिद्र किती खोल, तोंड कसं बुजवलं, मोकळी बाजू कोणती, हेच आधी पाहतो.

याच शब्दाचं आनंदी रूप म्हणजे शोभेची दारू. लग्नात, छबिन्यात, जत्रेत दारूकाम करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात, म्हणजे सोळाव्या शतकात, लग्नातल्या आतषबाजीचं वर्णन आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावर जे काम केलं त्यात अशा मराठी आणि संस्कृत ग्रंथांतले पुरावे त्यांनी एकेक करून मांडले. भुईनळे, चंद्रज्योती, हवाया: यांच्या कृती लिहिणारे लोक पुन्हा तोळे-मासे मोजणारेच होते. ओरिसाच्या प्रतापरुद्रदेवाच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथातल्या कृतीही गोड्यांनी दाखवल्या आहेत, आणि त्यांची मांडणी औषधाच्या पाठासारखी आहे: अमुक द्रव्य इतकं, तमुक इतकं.

औषध आणि स्फोटक यांचं नातं काळ्या दारूबरोबर संपलं असं समजू नका. आल्फ्रेड नोबेलनं 1867 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या डायनामाइटमधलं मुख्य द्रव्य नायट्रोग्लिसरीन. ते हाताळणाऱ्या कामगारांचं डोकं जबरदस्त दुखायचं, कारण ते कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाऊन रक्तवाहिन्या सैल करतं. आठवडाभर काम केलं की शरीर सरावायचं, रविवारची सुटी झाली की सराव मोडायचा आणि सोमवारी पुन्हा डोकं ठणकायचं. म्हणून त्याला सोमवारचा आजार असंच नाव पडलं. रक्तवाहिन्या सैल होणं हाच गुण हृदयशूळावर उपयोगी पडला. लंडनच्या विल्यम मरेलनं 1879 मध्ये त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पुढे खुद्द नोबेलला त्याच्या हृदयविकारावर डॉक्टरांनी तेच द्रव्य सुचवलं. आज आपल्या घरोघरी आजोबांच्या खिशात जी सॉर्बिट्रेटची गोळी असते तीही याच नायट्रेट कुळातली. त्यातलं मूळ द्रव्य शुद्ध रूपात स्फोटक असल्यामुळे औषध कंपन्यांना ते लॅक्टोजसारख्या निष्क्रिय पुडीत मिसळून पातळ करूनच पुरवतात. औषधशाळेतून निघालेली पूड रणांगणावर गेली, आणि तिची एक धाकटी बहीण रणांगणावरून औषधशाळेत परत आली. म्हणून ‘दारू’चा मूळ अर्थ मला कधी जुनाट वाटला नाही.

राहिला मद्याचा अर्थ. तोही औषधाच्याच खोडातून फुटलेली दुसरी फांदी. उर्ध्वपातन करून काढलेला अर्क ही वैद्याची आणि हकिमाची वस्तू. आयुर्वेदात आंबवून केलेली आसव-अरिष्टंही आहेत, युनानीत अर्क आहेत. ‘थोडी दारू घे, बरं वाटेल’ या वाक्यात एके काळी दारूचा अर्थ खरोखरच औषध असणार. पंजाबीत आणि हिंदीतही हाच बदल झाला. म्हणजे बंदुकीची दारू मद्यावरून आलेली नाही आणि मद्य बंदुकीवरून आलेलं नाही. दोघी एकाच आईच्या लेकी. ‘जळते म्हणून दोन्हीला दारू म्हणतात’ हे स्पष्टीकरण वारंवार दिलं जातं. ते चूक आहे.

आजच्या मराठीत गोंधळ होतो तो या दोघींतली एक फार बोलली जाते आणि दुसरी जोडशब्दांत जाऊन बसली आहे म्हणून. नुसतं ‘दारू’ म्हटलं की मद्य. बंदुकीची दारू हवी असेल तर ‘दारूगोळा’, ‘दारूकाम’, ‘शोभेची दारू’ असं सांगावं लागतं, आणि सरकारी मराठीनं ‘स्फोटक’ हा संस्कृत शब्द पुढे केला. दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदात मात्र उलटं आहे, तिथे नुसत्या ‘दारू’चा पहिला अर्थ बहुधा लष्करी. जागांची नावंही याच हिशेबानं वाचावीत. मुंबईत माझगाव-रे रोडकडच्या दारूखान्यात आज जहाजं तोडण्याचं आणि भंगाराचं काम चालतं, तिथे गुत्ता होता म्हणून ते नाव पडलेलं नाही. तिथे दारूगोळ्याची कोठारं होती, आणि जवळच्या रस्त्याचं इंग्रजी नाव आजही गनपावडर रोड असंच आहे.